घात, पण कशाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विज्ञानाच्या बातमीत एखादी अवाढव्य संख्या आली की छापताना तिला हमखास एक अपघात होतो. दहाच्या डोक्यावरचा बारीक आकडा फॉन्ट बदलताना खाली उतरतो आणि शेजारी येऊन बसतो. एका मोलमध्ये (पदार्थ मोजण्याचे रसायनशास्त्रातले एकक) ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण असतात. छापून येते ६.०२२ × १०२३. वाचणाऱ्याने इमानदारीत गुणाकार केला तर उत्तर येते सहा हजार एकशे साठ. धुळीच्या बारीकशा कणातही याहून कितीतरी जास्त अणू असतात. घातांक ऋण असेल तर आणखी मजा. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ९.१०९ × १०-३१ किलोग्रॅम असे छापले, की आकडेमोडीच्या नियमाने आधी गुणाकार ९१.०९ आणि त्यातून ३१ वजा. साठ किलोचा इलेक्ट्रॉन!

म्हणून या पत्रात घातांकासाठी ^ ही खूण वापरतो. २^५ म्हणजे पाया २, घातांक ५. आकडा खाली उतरला तरी खूण जागेवर राहील.

पण छपाई हे वरवरचे दुखणे झाले. घातांकाच्या बहुतेक चुका एकच प्रश्न न विचारल्यामुळे होतात: घात आहे, पण कशाचा? वरचा आकडा नेमका कोणाच्या डोक्यावर बसला आहे, हे ठरवण्याआधीच हात गुणाकाराला लागतो. पाठ केलेले नियम बरोबर असतात. ते चुकीच्या पायाला लावले जातात.

सुरुवात व्याख्येपासून करावी लागेल, कारण सर्रास सांगितली जाणारी व्याख्याच एकाने चुकते. '२^५ म्हणजे २ ला स्वतःशी पाच वेळा गुणणे' असे म्हणतात. लिहून पाहा: २ × २ × २ × २ × २. दोन पाच वेळा आला आहे, पण गुणाकाराच्या खुणा चारच आहेत. ही एकाची तफावत कॅल्क्युलेटरवर लगेच दिसते. बऱ्याच साध्या यंत्रांवर २ दाबून गुणाकाराची कळ (काहींवर ती दोनदा) आणि मग बरोबरची कळ दाबत गेले की ४, ८, १६, ३२ असे घात येत जातात. पाचव्या घातासाठी बरोबरची कळ चारदा दाबायची. 'पाच वेळा' डोक्यात असलेला माणूस ती पाचदा दाबतो आणि ६४ लिहून मोकळा होतो.

त्यापेक्षा १ पासून सुरुवात करावी. १ ला २ ने पाच वेळा गुणा, ३२ मिळतील. आता 'पाच वेळा' हे शब्दशः खरे आहे. हा बदल किरकोळ वाटतो, पण पुढे शून्य आणि ऋण घातांक येतात तेव्हा याच १ वर सगळे उभे राहते.

पाया कोणता आणि घातांक कोणता, यात उलटापालट व्हायला वेळ लागत नाही. मराठी वाचकाला यासाठी घरचेच उदाहरण आहे. वृत्तांचे गण आठच का? य, म, त, र, ज, भ, न, स. एका गणात तीन अक्षरे, आणि प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू. पहिल्या जागी दोन पर्याय, त्या प्रत्येकासाठी दुसऱ्या जागी दोन, त्या प्रत्येकासाठी तिसऱ्या जागी दोन. २ × २ × २ = २^३ = ८. गण सहा (२ × ३) नाहीत आणि नऊ (३^२) तर नाहीतच. प्रत्येक जागी किती पर्याय आहेत, तो पाया. जागा किती, तो घातांक. हाच हिशेब चार आकड्यांच्या कुलुपाला लावा: दर जागी दहा पर्याय, जागा चार, म्हणून १०^४, अर्थात दहा हजार. ४^१० केले तर दहा लाखांच्या वर जाल.

आता वजा चिन्ह. (−३)^२ म्हणजे ९. −३^२ म्हणजे −९. पहिल्यात घात कंसातल्या सगळ्याचा, वजा धरून. दुसऱ्यात घात फक्त ३ चा, वजा बाहेर थांबलेला. यात आपली बोलण्याची पद्धत भर घालते. 'वजा तीनचा वर्ग' हे शब्द दोन्हींना लागू पडतात. ऐकणारा आपल्याला हवे ते ऐकतो. वाचताना पहिल्याला 'वजा तीन, या संख्येचा वर्ग' आणि दुसऱ्याला 'तीनचा वर्ग, त्याला वजा' असे म्हटले की गोंधळ संपतो. 'दोन क्षचा घन' हेही तसेच: २क्ष^३ मध्ये दोन एकदाच आहे, (२क्ष)^३ मध्ये त्याचे आठ होतात. अपूर्णांकाची गोष्टही वेगळी नाही. दोन-तृतीयांशचा वर्ग चार-नवमांश. पण कंस न घालता २/३^२ लिहिले तर वर्ग फक्त तीनचा होतो आणि उत्तर दोन-नवमांश येते. पाया ऋण असो वा अपूर्णांक, कंसाचा आळस करू नये.

इथे 'कंचेभागुबेव'ची आठवण होणारच. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पिढ्यान्‌पिढ्या पाठ असलेले हे सूत्र चांगलेच आहे, पण त्यात घाताला अक्षर नाही. ज्याला फक्त एवढेच पाठ आहे तो २ × ३^२ मध्ये आधी गुणाकार करतो, मग वर्ग, आणि ३६ लिहितो. बरोबर उत्तर १८. घाताची जागा कंसानंतर लगेच, 'चे'च्याही आधी. सूत्रात एक 'घा' बसवायला हवा आणि तो दुसऱ्या जागी.

यंत्रावर विसंबणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. एक्सेलमध्ये =−३^२ लिहिले तर उत्तर ९ येते, कारण तो प्रोग्रॅम सुरुवातीचे वजा संख्येलाच चिकटलेले मानतो. त्याच एक्सेलमध्ये =०−३^२ लिहा, उत्तर −९. पायथन या संगणकाच्या भाषेत घाताची खूण ^ नसून ** आहे. तिथे −३**२ चे उत्तर −९, गणिताच्या रीतीप्रमाणे. आणि कोणी सवयीने २^५ लिहिले, तर पायथन तक्रार न करता ७ देतो. त्या भाषेत ^ ही खूण द्विमान अंकांवरच्या (फक्त ० आणि १ यांनी लिहिलेल्या संख्यांवरच्या) निराळ्याच क्रियेची आहे. घातावर घात आला तरी असेच. २^३^२ मध्ये रीत अशी, की वरून खाली यायचे: आधी ३^२ = ९, मग २^९ = ५१२. एक्सेल डावीकडून सुरू करतो, आधी ८, मग त्याचा वर्ग ६४. यंत्र चुकत नसते. त्याचा संकेत वेगळा असतो, आणि तो कंस घालून मोडता येतो.

घातांकांचे नियम पाठ करून घेण्याबद्दल माझी तक्रार नाही, ते कुठून आले हे लपवण्याबद्दल आहे. अ^२ × अ^३ म्हणजे (अ × अ) × (अ × अ × अ). पाच अ मोजता येतात, म्हणून बेरीज. (अ^२)^३ म्हणजे अ^२ तीन वेळा, एकूण सहा अ, म्हणून गुणाकार. हा फरक आपल्याकडच्या जुन्या बीजगणिताने शब्दांतच बांधून ठेवला होता. पाचव्या घाताला वर्गघनघात म्हणत आणि सहाव्याला घनवर्ग. 'घात' या शब्दाचा तिथला अर्थ गुणाकार. वर्ग आणि घन यांचा घात, तर २ + ३ = ५. 'घात' शब्द नसेल तर घनाचा वर्ग, ३ × २ = ६. सातवा घात म्हणजे वर्गवर्गघनघात: वर्गवर्ग म्हणजे चौथा, त्याला घनाने गुणले, ४ + ३ = ७. चिन्ह एकही नाही, तरी कुठे मिळवायचे आणि कुठे गुणायचे हे नावावरून कळते. (अक्षराच्या डोक्यावर आकडा लिहिण्याची आजची पद्धत फ्रेंच गणिती देकार्तने १६३७ मध्ये वापरली. वर्गासाठी मात्र तो पुष्कळदा 'अअ' असेच लिहीत असे.)

हाच बेरजेचा नियम रोजच्या बोलण्यातही आहे. 'लाख कोटी' म्हणजे किती? लाख १०^५, कोटी १०^७, म्हणून १०^१२. इंग्रजी बातमीतला ट्रिलियन तो हाच. भाषांतर करताना शून्ये बोटांवर मोजण्यापेक्षा घातांक मिळवणे सोपे आणि सुरक्षित. दशलक्ष १०^६ आणि अब्ज १०^९, यांत फरक 'तीन शून्यांचा' म्हणून सोडून देऊ नये, तो हजार पटींचा आहे.

नियम कुठे लागत नाहीत, हे शिकवायला हवे तितके शिकवले जात नाही. २^३ + २^४ ला कोणताही नियम नाही. ८ आणि १६ काढा, २४ मिळवा. २^७ = १२८ लिहिणाऱ्याने गुणाकाराचा नियम बेरजेला चढवलेला असतो. २^३ × ३^२ मध्ये पायाही वेगळे आणि घातांकही वेगळे, तिथेही सरळ ८ × ९ = ७२; ६^५ नव्हे. घातांक सारखे असतील तर मात्र पाया गुणता येतात, २^३ × ५^३ = १०^३. बेरजेत एकच देखणा अपवाद सापडतो: ३^४ + ३^४ + ३^४ = ३^५. तीन सारखी पदे म्हणजे ३ × ३^४, म्हणून. बेरजेचा नियम तिथे लागलेला नाही, बेरीजच गुणाकार झाली आहे.

बेरजेवर घात चढवताना मराठी आपल्याला फार मदत करते, आपण ती घेत नाही. 'बेरजेचा वर्ग' आणि 'वर्गांची बेरीज', शब्दांची अदलाबदल आणि अर्थ पार वेगळा. (३ + ४)^२ = ४९, तर ३^२ + ४^२ = २५. मधले २४ कुठे गेले? ते २ × ३ × ४ आहेत. बाजू ७ असलेला चौरस काढून प्रत्येक बाजूवर ३ आणि ४ असे भाग पाडा: एक ३ × ३ चा चौरस, एक ४ × ४ चा, आणि उरलेले दोन ३ × ४ चे आयत. विसरले जातात ते हे आयत.

आता शून्य. २^४, २^३, २^२, २^१ म्हणजे १६, ८, ४, २. घातांक एकने उतरला की संख्या निम्मी होते. पुढची पायरी १, म्हणून २^० = १. त्यापुढे अर्धा, पाव, एक-अष्टमांश: २^(−१), २^(−२), २^(−३). व्याख्या १ पासून सुरू केली असेल तर इथे नवे काही सांगावे लागत नाही. १ ला शून्य वेळा गुणले तर १ च उरतो. ऋण घातांक म्हणजे १ ला तितक्या वेळा भागणे. एकक-दशक-शतकाच्या घरांत एकक हे १०^० चेच घर आहे, हे ज्याला कळले त्याला शून्याव्या घाताचे नवल वाटत नाही. २^० = ० म्हणणारा मुलगा घातांकाने पायाला गुणत असतो. त्याच सवयीने तो २^(−३) ला −६ म्हणतो; थोडा पुढचा असेल तर −८. ऋण घातांक उत्तराचे चिन्ह बदलत नाही, पायाला छेदात पाठवतो. आणि इथेही, कोणत्या पायाला? ३अ^(−२) मध्ये छेदात जातो तो फक्त अ^२. तीन जागचा हलत नाही.

पाया मात्र शून्य नसावा. ०^(−२) मध्ये शून्याने भागावे लागते, ते चालत नाही. ०^० ला शालेय गणितात किंमत देत नाहीत, कारण एका बाजूने १ आणि दुसऱ्या बाजूने ० अशी ओढाताण होते. गणिताच्या काही शाखांत सोयीसाठी १ धरतात.

घात चढला की संख्या वाढते, हाही एक समज. पाया १ पेक्षा मोठा असेल तरच. ०.३ चा वर्ग ०.०९. तो ०.९ लिहिणारा अंकांचा वर्ग करतो आणि दशांशस्थळे तशीच ठेवतो. वर्गात दशांशस्थळे दुप्पट होतात, घनात तिप्पट.

अपूर्णांक घातांकाला लोक उगीच घाबरतात. छेद म्हणजे मूळ, अंश म्हणजे घात. ८^(२/३): आधी घनमूळ २, मग वर्ग ४. क्रम उलटा केला तरी चालतो (६४ चे घनमूळ ४ च), पण आधी मूळ काढले की आकडे लहान राहतात. १६^(३/४) आधी घन करून पाहा, ४०९६ चे चौथे मूळ शोधत बसावे लागेल. एक खड्डा मात्र आहे. घातावर घात असेल तर घातांक गुणायचे, हा नियम पाया ऋण असताना अपूर्णांक घातांकाला बिनशर्त लागत नाही. (−३) चा वर्ग ९, त्याचे वर्गमूळ ३. घातांक २ × १/२ = १ असे करून −३ लिहिणारा फसतो.

वर्तमानपत्राचा वाचक रोज अपूर्णांक घातांक वाचतो, फक्त त्याला तसे कोणी सांगत नाही. भूकंपाचे माप एकने वाढले की जमिनीच्या कंपनाचा आयाम (हेलकाव्याचा आवाका) १० पट होतो आणि बाहेर पडणारी ऊर्जा साधारण १०^१.५ पट. हे १०^१.५ म्हणजे १० × १०^०.५, अर्थात १० गुणिले १० चे वर्गमूळ, सुमारे ३२. म्हणून ६ आणि ८ मापांच्या भूकंपांत ऊर्जेचा फरक १०^३, हजार पट. 'दोन अंकांनी मोठा' या शब्दांत ते मावत नाही. दर वर्षी ८ टक्के वाढ असताना '९ वर्षांत ७२ टक्के' लिहिणे हाही त्याच जातीचा प्रमाद. १.०८^९ काढा, १.९९९ येते, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

हे १.०८^९ हाताने काढायचे तर आठ वेळा गुणत बसायचे का? नाही. मोठ्या घातासाठी घातांक निम्मा करत जाण्याची युक्ती पिंगलाच्या छंदःशास्त्राइतकी जुनी आहे. तिथे ती २ च्या घातांसाठी, वृत्तांचे प्रकार मोजायला दिली आहे. ३^१३ घ्या. घातांक सम असेल तर निम्मा करा, विषम असेल तर एक कमी करा, शून्यापर्यंत: १३, १२, ६, ३, २, १, ०. आता १ घेऊन उलटे या. जिथे एक कमी केला होता तिथे ३ ने गुणा, जिथे निम्मे केले तिथे वर्ग करा. १, मग ३, वर्ग ९, गुणून २७, वर्ग ७२९, वर्ग ५,३१,४४१, गुणून १५,९४,३२३. बारा गुणाकारांचे काम पाचांत झाले. चूक होते ती उलटे येताना पायरी गळल्यामुळे, म्हणून उतरतीच्या आकड्यांशेजारी 'गु' किंवा 'व' लिहीत जावे.

स्पर्धा परीक्षांत फक्त एकक अंक विचारतात. २ च्या घातांचे एकक अंक २, ४, ८, ६ असे चाराच्या फेऱ्यात फिरतात. घातांकाला ४ ने भागून बाकीइतक्या जागेवरचा अंक घ्यायचा. बाकी शून्य आली तर फेऱ्यातला शेवटचा. २^१०० चा एकक अंक ६ आहे; बाकी शून्य म्हणून २^० = १ लिहिणारे दर वर्षी निघत असावेत, नाहीतर १ हा पर्याय इतक्या वेळा दिलेला दिसला नसता.

एककांबद्दल एक शेवटचे, कारण तिथे 'घात कशाचा' याचे उत्तर नेहमीपेक्षा उलटे आहे. २क्ष^३ मध्ये घात फक्त क्षचा. पण सेमी^२ मध्ये घात 'सेंटी'सकट सगळ्याचा, जणू अदृश्य कंस आहे. एक मीटर म्हणजे १०० सेमी, म्हणून एक चौरस मीटर म्हणजे १००^२, दहा हजार चौरस सेमी. घनमीटर म्हणजे १००^३, दहा लाख घन सेमी. १०० ने गुणून मोकळे झालेले उत्तर क्षेत्रफळात शंभर पटींनी आणि घनफळात दहा हजार पटींनी चुकते.

आपल्या छपाई विभागाकडे एवढीच विनंती: वरचा आकडा वर राहण्याची खात्री नसेल तिथे तो अक्षरांत छापावा. 'दहाचा तेविसावा घात' याला दोन शब्दांची जागा जास्त लागेल. ऋण असेल तर 'दहाचा उणे एकतिसावा घात' म्हणावे, म्हणजे इलेक्ट्रॉनचे वजन आटोक्यात राहील.

आपला,
गणिताचा एक शिक्षक